कांद्याची वाटी

वडघुल्यांच्या भाषणात ती येत नाही.
काल पुण्याची मुलं कॅमेरा घेऊन आली.
वडघुले दिंडोरीच्या उतारावर उभे राहिले,
मागे शिराझच्या ओळी, नुकतीच गोडी छाटणी झालेल्या,
आणि बोलले : माती, थंडी, रात्रीचा वारा.
खोटं काहीच नव्हतं.
मी बाजूला, हातात त्यांच्या चपला धरून;
कॅमेऱ्यासाठी बूट घालायला लावले होते.

मी पुंजा आव्हाड. गल्ल्यावर एकतीस वर्षं.
सगळे आकडे मला पाठ आहेत
म्हणून मला कुणी काही विचारत नाही.

सातपूर, वायंडिंगच्या कारखान्यासमोर,
सहा बाकडी, दोन शेगड्या,
रस्सा बारा रुपये, भाकरी वेगळी.
दुसरी पाळी सुटली की रात्री साडेअकराला गर्दी.
वडघुले स्वतः वाढायचे,
आणि खरकटी ताटं स्वतः उचलायचे :
कुणी काय टाकलं ते बघून
उद्याचा मसाला ठरायचा.

मग हे खूळ शिरलं.
बंद पडलेल्या औषध कंपनीतले कुलथे केमिस्ट
उधारीवर जेवायचे, आणि संकोच वाटून
बिलाच्या पाठीवर यीस्टचं गणित मांडून द्यायचे.
बिलं मी जपली. गणित वडघुल्यांनी.

परवान्यात दीड वर्ष गेलं.
मोहाडीहून टेम्पोभर द्राक्षं आली, जाड सालीची,
खाऊ नका, असं विकणाराच म्हणाला.
कोळशाच्या खोलीत तीन टाक्या.
कुलथे ब्रिक्स मोजायचे, वडघुले कान लावायचे.
रात्री दोनला मला उठवायचे : ऐक, बोलतंय.
बोलत होतं खरं,
तान्हं पोर झोपेत ओठ चाखतं, तसं.

मार्चमध्ये झाकण उघडलं.
नाकात झणका गेला.
कुलथे चष्मा पुसत राहिले. बराच वेळ.
अकराशे लिटर शिरका.

मेहुणे म्हणाले, कोल्ह्याला द्राक्षं आंबट.
वडघुले म्हणाले, कोल्ह्यानं चाखली कुठे होती?
मी चाखली. आंबटच आहेत.
आणि मागे जाऊन कांदे चिरायला बसले.
दोन पाट्या चिरले.
डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

लासलगावचा लाल कांदा, कागदासारखा पातळ,
रात्रभर त्या शिरक्यात. सकाळी गुलाबी.
ताटाबरोबर एक वाटी, फुकट.
महिन्याभरात लोक आधी वाटी मागू लागले,
मग रस्सा.
मग रविवारी बायकापोरांना घेऊन.
सातपूरहून कॉलेज रोड,
तिथून धरणाच्या कडेला, काचेच्या भिंतींचं.
वहीत शून्यं वाढली. अक्षर माझं तेच.

चार वर्षं पुरला तो शिरका.
पोलादी टाक्या त्याच वाटीतून आल्या,
फ्रान्सचं लाकूडही.
पान एकशे सेहेचाळीसवर
कुलथ्यांच्या उधारीला एक आडवी रेघ आहे,
वडघुल्यांच्या हातची.

कुलथे पहिली बाटली भरायच्या आधीच गेले.
दहाव्याला, गंगेवर,
वडघुल्यांनी टाकीतला नमुना द्रोणात ओतला.
भटजींनी विचारलं, हे काय?
औषध, म्हणाले.
कावळा लगेच शिवला.

आता पाहुणे पेला फिरवतात,
त्यांना त्यात जांभूळ सापडतं, मिरं, ओला तंबाखू.
वडघुले मान डोलावतात.
पाहुणे गेले की मागच्या खोलीत येतात.
तिथे चिनी मातीची बरणी, तोंडाला फडकं,
आत त्या पहिल्या चुकीचं विरजण,
जाड, बुळबुळीत, अजून जिवंत.
पदकवाल्या बाटलीचा तळ तिला पाजतात
आणि वाकून कान लावतात.

काय म्हणते? मी विचारतो.

कांदे भिजव, म्हणतात,
उद्या शनिवार आहे.